कुणाला कोणतं काम द्यावं

लातुरात आमची डाळमिल आहे. माणूस ठेवताना आधी काम बघा, मग वय. तुरीची पोती उतरवायला विशी-तिशीतली पोरं लावा, तिथं ताकदच लागते. ऊसतोडीतही तेच, मजुरी टनावर. पण साल सुटावी म्हणून तेल-पाणी दिलेली तूर पुरेशी वाळली का, रोलरची फट किती ठेवायची, हे पन्नाशीतल्या मिस्त्रीच्या हाताला कळतं. तो सावकाश चालतो, पण डाळीचा तुकडा कमी होतो. म्हणून नुसती पोती मोजू नका. अख्खी डाळ किती, चुरी किती, हे महिनाभर लिहा. पैठणला पैठणी विणायच्या मागावर चाळिशीनंतर चष्मा आणि भरपूर उजेड द्याच, नाहीतर एवढा कसबी हात वाया जातो. मिस्त्रीच्या हाताखाली एक शिकाऊ द्या, दोघांची पाळी एकच ठेवा.