जुन्या युद्धपटांतली विमानं कशी बघावीत : एका फिटरच्या नजरेतून

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे माहितीपट बघायचे असतील तर पहिल्यांदा निवेदकाकडं लक्ष देऊ नका, विमानाकडं द्या. मी बेळगावजवळच्या सांबऱ्याला शिकलो, हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा-पत्रा सांभाळणारा, म्हणून नोकरी केली, आता येळ्ळुरात भातशेती बघतो. लावणी आटोपली की मंडळाच्या खोलीत पोरांना हे चित्रपट दाखवतो. त्यातून बघायची जी पद्धत बसली ती लिहितोय.

आधी शोधायचं कसं ते. नुसतं नाव टाकून उपयोग नाही. ‘थंडरबोल्ट’ टाकलं की लॅपटॉपच्या केबली येतात, ‘मेम्फिस बेल’ टाकलं की १९९० चा कथापट येतो. म्हणून इंग्रजी नावापुढं साल आणि दिग्दर्शक टाका : मेम्फिस बेल, १९४४, विल्यम वायलर. टार्गेट फॉर टुनाईट, १९४१, हॅरी वॉट. थंडरबोल्ट, १९४७, वायलर आणि जॉन स्टर्जेस. अमेरिकन लष्करानं काढलेल्या चित्रपटांवर स्वामित्वहक्काची अडचण नाही, इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतात. एकाच चित्रपटाच्या चार-पाच प्रती दिसतील. त्यातली जुनाट, ओरखडे असलेली पण मोठी फाइल घ्या. संगणकानं ‘सुधारलेली’ प्रत घेऊ नका. तिच्यात माणसांचे चेहरे मेणासारखे होतात आणि पत्र्यावरचे रिव्हेट पुसले जातात. रिव्हेटच गेले तर मी बघू काय?

सुरुवात मेम्फिस बेलपासून करा. याच नावाचं बी-१७ बॉम्बर, चार इंजिनं, दहा माणसं, इंग्लंडहून जर्मनीवर दिवसाढवळ्या हल्ला. साधारण पाऊण तासाचा आणि रंगीत. विमान उडायच्या आधीचा भाग पुढं ढकलू नका, माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे. जमिनीवरची माणसं, बॉम्ब चढवणं, इंजिनं सुरू होणं. बी-१७ चं इंजिन गोलाकार मांडणीचं, नऊ सिलिंडरचं. बंद उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. तसंच सुरू केलं तर इंजिनाचं वाटोळं होतं, म्हणून आधी पंखा हातानं फिरवून घ्यावा लागतो, आणि सुरू होताना धुराचा लोट निघतो. हे कळलं की असल्या चित्रपटांत तो धूर नुसती शोभा वाटत नाही.

विमान वर गेल्यावर प्रत्येक दृश्याला एकच प्रश्न विचारा : कॅमेरा धरणारा उभा कुठं आहे? बाहेरून विमान दिसतंय म्हणजे तो शेजारच्या विमानात आहे. खिडकीची कड, मशिनगनची नळी, पंखाचं टोक मध्येच आडवं येतंय, चित्र हिसके खातंय, तर ते बहुतेक खरं हवेतलं. पंचवीस हजार फुटांवर थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाते, प्राणवायूचा मुखवटा लागतो, मोजा काढला तर बोटं गारठतात. तिथं वायलरची माणसं सोळा मिलिमीटरचे हातातले कॅमेरे चालवत होती. फिल्मचं शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. म्हणून खरी दृश्यं तुटक असतात. हे करताना हॅरॉल्ड टॅनेनबॉम हा त्यांचा कॅमेरामन ज्या विमानात होता ते पडलं आणि तो गेला.

या कॅमेऱ्यांत आवाज टिपायची सोय नव्हती. इंजिनांची घरघर, गोळ्या, माणसांची बोलणी सगळं नंतर जोडलेलं आहे. वैमानिक आणि सोबत्यांनी अमेरिकेत परतल्यावर आपलेच संवाद ध्वनिमुद्रित केले. त्यामुळं एकदा बघून झाल्यावर मधली दहा मिनिटं आवाज बंद करून परत बघा. भीती कुठं चित्रातून येते आणि कुठं संगीतातून, ते लगेच उघडं पडतं.

चित्रपट सांगतो ती मोहीमही जोडून तयार केलेली आहे. पडद्यावर या विमानाची पंचविसावी, म्हणजे शेवटची फेरी म्हणून १५ मे १९४३ चा विल्हेल्म्सहाफेनवरचा हल्ला दाखवलाय. प्रत्यक्षात त्या माणसांची पंचविसावी फेरी दोन दिवसांनी, १७ मे रोजी, फ्रान्समधल्या लोरियाँवर झाली. दृश्यं तर वेगवेगळ्या फेऱ्यांतली आणि वेगवेगळ्या विमानांतली आहेत. म्हणून चित्रपट खोटा ठरत नाही. आपण दिंडीचा व्हिडिओ करतो तेव्हा तरी कुठं सगळं एकाच दिवसाचं घालतो?

टार्गेट फॉर टुनाईटची तऱ्हा उलटी. काळा-पांढरा, ब्रिटिश, वेलिंग्टन बॉम्बरची रात्रीची फेरी. यात खरे हवाई दलाचे लोक स्वतःचीच कामं करतात, पण विमानाच्या आतली दृश्यं स्टुडिओतली आहेत. चेहऱ्यावर नीट उजेड, कॅमेरा स्थिर, बोलणं निवांत, यावरून तुम्हीच ओळखाल. तळाचं नाव मिलरटन सांगतात, ते बनावट. लक्ष्य असलेलं फ्रायहाउजन हे गावसुद्धा बनावट. मुख्य वैमानिकाचं काम करणारा पर्सी पिकार्ड मात्र खराखुरा वैमानिक, फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या अमिएँच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात मारला गेला. हे पोरांना चित्रपट संपल्यावर सांगा, आधी नको.

आमच्या भागातल्या माणसानं वेळ द्यावा तो थंडरबोल्टला. कॉर्सिका बेटावरून पी-४७ थंडरबोल्ट ही लढाऊ विमानं इटलीतले रेल्वेपूल, रस्ते, आगगाड्या मारताहेत. १९४४ च्या मार्च ते मेमधली ही मोहीम, रोमच्या दक्षिणेला लढणाऱ्या जर्मन फौजेची रसद तोडायची म्हणून. एका माणसाच्या विमानात कॅमेरामन बसवायचा कुठं? म्हणून कॅमेरेच वैमानिकाच्या मागं, पंखाखाली, चाकाच्या खोबणीत बसवले. गोळी लागलेलं आगगाडीचं इंजिन वाफ सोडतं ते त्यामुळं अगदी जवळून दिसतं. याच कामासाठी इटलीवरून बी-२५ बॉम्बरमधून उडताना वायलरचे कान गेले.

एकदा आमच्या गल्लीतल्या काकू दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “वरचं सगळं दिसतंय ओ, खाली कोण हाय ते का दाखवत न्हाईत?” तेव्हापासून मी थंडरबोल्ट लावायच्या आधी इटलीचा नकाशा भिंतीवर लावतो. कारण त्या वसंतात खाली जर्मनांसमोर आठव्या भारतीय डिव्हिजनमधली १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती. बेळगाव कॅम्पातून भरती होऊन गेलेली माणसं. पुलावर बॉम्ब पडला की पोरांना विचारायचं : हा पूल तुटल्यानं कासिनो गावाजवळ खंदकात बसलेल्या शिपायाचं काय हलकं झालं? आणि शेतातलं घर गोळ्यांनी पेटतं तिथं थांबवून विचारायचं : यात कोण राहत असेल? थंडरबोल्ट या दुसऱ्या प्रश्नाला फार टाळत नाही, उद्ध्वस्त गावं आणि माणसं दाखवतो, म्हणून मला तो मेम्फिस बेलपेक्षा थोर वाटतो.

घरात आजोबा-पणजोबांची पदकं असतील तर त्या दिवशी आणायला सांगा. इटली स्टारची फीत लाल, पांढरी, हिरवी असते. पदकाच्या मागं नंबर, नाव कोरलेलं असलं तर वहीत उतरवून घ्या. पदक पॉलिश करू नका, ब्रासो तर अजिबात नाही, अक्षरं झिजतात.

दाखवायची व्यवस्था साधी. चित्र चौकोनीच ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणलं की विमानं बेडकासारखी चपटी दिसतात. टीव्हीवर बघत असाल तर हालचाल मऊ करणारी सोय बंद करा. स्पीकरचा बेस कमी ठेवा, नाहीतर इंजिनांच्या घरघरीत निवेदन बुडतं. दर दहा मिनिटांनी थांबा. बसणारी निम्मी पोरं शाळेत कन्नड शिकणारी, म्हणून मी मराठीत सांगतो आणि त्यांच्यातलाच एखादा कन्नडमध्ये सांगतो. इंग्रजी निवेदन शब्दशः सांगत बसू नका, पडद्यावर काय चाललंय तेवढं सांगा.

लहान पोरं असतील तर जॉन फोर्डचा बॅटल ऑफ मिडवे लावा, १९४२ चा, अठराच मिनिटांचा. बॉम्ब जवळ फुटला की चित्र उडतं, चौकट सरकते. फोर्ड स्वतः तिथं जखमी झाला होता. ते दृश्य दोनदा दाखवा आणि कॅमेरा कुठं होता ते पोरांनाच सांगू द्या. एका बैठकीत एकच चित्रपट. दोन लावले की दुसऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही.