डोमेन तिथंच, होस्टिंग दुसरीकडे

पहिल्या वर्षी डोमेन (साइटचं नाव) फुकट म्हणून ते आणि होस्टिंग (साइटच्या फाइल्स ठेवायची जागा) दोन्ही एकाच कंपनीकडे घेतलं. महिनाभरातच साइट रांगायला लागली. होस्टिंग बदलायला गेलो, तर डोमेन हलेना. डॉट कॉम नवं घेतलं की पहिले ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही. दोन दिवस नुसता चरफडलो. मग डोक्यात प्रकाश पडला: डोमेन हलवायचंच कशाला? ते तिथंच ठेवून फक्त नव्या होस्टचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी कुठे पाहायच्या ते सांगणारे पत्ते) भरले. सकाळी साइट झरझर उघडली, पण मेल बंद! जुन्या डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणाऱ्या नोंदी, उतरवून घ्यायच्याच राहिल्या होत्या (घाई, दुसरं काय). त्या भरल्या आणि तासाभरात मेल यायला लागले. डोमेन अजून जुन्या कंपनीकडेच आहे, ऑटो-रिन्यू चालू ठेवून.