दाराजवळचं कन्सोल टेबल: आधी पसाऱ्याची सोय, मग सजावट

दार उघडून घरात आलात की तुमच्या हातात काय काय असतं ते जरा आठवा. किल्ल्या, मोबाईल, भाजीची पिशवी, टू-व्हीलरवरून आला असाल तर हेल्मेट, खाली वॉचमनकाकांनी दिलेलं कुरियर, पावसाळा असेल तर ठिबकणारी छत्री. हे सगळं कुठेतरी टेकवायचं असतं आणि आपण ते पहिली मोकळी जागा दिसेल तिथे टेकवतो, मग ती जागा कितीही हौसेने मांडलेली असो. इन्स्टावर ती एन्ट्रीची सुंदर सुंदर टेबलं बघताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो, या लोकांच्या किल्ल्या जातात कुठे?

मीपण आधी तसंच केलं होतं. सेलमध्ये ऑनलाइन एक पांढरं टेबल मागवलं, १६ इंच खोल (म्हणजे भिंतीपासून पुढे एवढं), बारीक पाय, फोटोत एकदम झकास. वर सिरॅमिकचे दोन हंस, तीन सेंटेड मेणबत्त्या आणि खोटी पांढरी फुलं. सासूबाई गावाहून आल्या, चप्पल काढता काढता एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, देव्हारा दारात कशाला मांडलायस?" आठवड्याभरात त्यावर लाइट बिल, मुलाची कंपासपेटी, कुणीतरी ठेवलेलं अर्धं लिंबू आणि दोन हेल्मेटं आली, हंस हेल्मेटांच्या मागे गेले ते गेलेच. आणि पहिल्याच पावसाळ्यात टेबलाचे पाय खालून पावासारखे फुगले, कारण आत होतं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, आणि ओली छत्री आम्ही रोज त्यालाच टेकवून ठेवत होतो.

दुसऱ्यांदा मात्र उलटीकडून सुरुवात केली. जुन्या घरांत दारातून आत आलं की भिंतीत कोनाडा असायचा आणि बाजूला खुंटी, कोनाड्यात दिवा-काडेपेटी-किल्ल्या, खुंटीला टोपी-छत्री-पिशवी. फ्लॅटमध्ये कोनाडाही गेला, खुंटीही गेली, पण हातातल्या वस्तू काही गेल्या नाहीत ना, उलट वाढल्याच. कन्सोल टेबलने, म्हणजे भिंतीला लावायच्या अरुंद टेबलाने, आधी ते काम करायचं, मग दिसायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

माप. टेबल घ्यायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. दार पूर्ण उघडतंय का, कागदावर पाय पडतोय का, चपला काढायला वाकलं की डोकं कुठे येतंय, सगळं कळतं. आमचा पॅसेज ४ फुटांचा, म्हणजे ४८ इंच. आधीच्या टेबलाने १६ इंच खाल्ले, उरले ३२, सिलेंडरवाला भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन आडवा होऊन जायचा आणि मी मागून "भाऊ, भिंत, भिंत" करत असायचे. आता टेबल १० इंच खोल आहे, ३८ इंच मोकळे राहतात, भाऊ सरळ चालत जातात. ३ फूट रस्ता मोकळा राहिलाच पाहिजे असं धरा. तुमचा पॅसेज साडेतीन फुटांचाच असेल तर टेबलाच्या नादाला लागू नका, भिंतीला ६ इंचांची फळी मारा, खाली पाय नसल्यामुळे झाडू-पोछाही सोपा, आणि खरं सांगायचं तर ती दिसतेही छान. उंची साधारण ३० ते ३४ इंच, म्हणजे उभ्या उभ्या हात सहज टेकेल एवढी.

लाकडाचं थोडक्यात सांगते. सागवान परवडलं तर प्रश्नच नाही. प्लाय घेणार असाल तर शीटवरचा आयएस नंबर बघा, ३०३ म्हणजे साधा कमर्शियल, ७१० म्हणजे मरीन, पाण्याला जास्त टिकणारा. दाराजवळ पावसाचं पाणी येणारच, त्यामुळे निदान पाय आणि खालची फळी तरी ७१० मध्ये करून घ्या. एमडीएफचं आधीच घरात असेल तर पायांना खालून रबराचे बूट घाला आणि छत्रीची सोय दुसरीकडे करा. अजून एक, १० इंच खोलीचं टेबल अरुंद असतं, लहान मूल ड्रॉवर ओढून त्यावर चढलं की सगळं अंगावर येऊ शकतं, म्हणून मागून दोन एल-क्लॅम्प (काटकोनातल्या लोखंडी पट्ट्या) मारून ते भिंतीला पक्कं करा. सुतार "काय गरज नाही मॅडम" म्हणेल. तरी मारून घ्या.

आता पसाऱ्याची सोय. प्रत्येक वस्तूला एक घर द्यायचं आणि ते घर उघडं, उथळ आणि हाताशी असलं पाहिजे, कारण घामाघूम होऊन आलेला माणूस झाकण उघडून किल्ली आत ठेवत नाही, तो ती टाकतो. आमच्याकडे किल्ल्यांसाठी आईचं जुनं पितळी तबक आहे, वीतभर रुंदीचं, काठाला एक पोचा आहे. आधी त्यासाठी मी छान लाकडी बाउल आणला होता पण त्यात कुणी किल्ल्या टाकेना. तबकात टाकल्या की खण्णकन वाजतात, स्वयंपाकघरात कळतं कोण आलं, आणि मला वाटतं त्या आवाजासाठीच मुलगा न चुकता तिथे टाकतो. तबकाच्या बुडाला फेल्टच्या टिकल्या चिकटवा, नाहीतर पॉलिशवर गोल ओरखडा पडलाच म्हणून समजा.

ड्रॉवर एकच पण रुंद हवा आणि चॅनल टेलिस्कोपिक, म्हणजे शेवटपर्यंत बाहेर येतो. त्यात पेन, कात्री, सेलोटेप, सुट्टे पैसे, मेंटेनन्सच्या पावत्या, टॉर्च. ड्रॉवरच्या तळाला ओटीत आलेलं खणाचं ब्लाउजपीस अंथरा, प्रत्येकीच्या कपाटात असे दहा-बारा पडलेले असतात जे कधी शिवले जाणार नाहीत. हेच खण टेबलावर रनर, म्हणजे लांब पट्टी, म्हणून पण घालतात, पण तबकाखाली नको, सुळसुळीत असेल तर तबक रोज सरकतं.

हेल्मेटांना टेबलावर जागा द्यायचीच नाही. बाजूच्या भिंतीला दोन दणकट हुक, किंवा खाली टोपली. बुरुडांकडे विणलेल्या बांबूच्या टोपल्या मिळतात, मापाच्या करूनही देतात, टेबलाखाली दोन मावतील अशा करून घ्या, एकीत हेल्मेट, दुसरीत कापडी पिशव्या, बॅडमिंटनची रॅकेट आणि काय काय. छत्रीसाठी मी कोपऱ्यात जुनी पितळी कळशी ठेवलीय, आत तळाला मूठभर गोटे, पाणी खाली राहतं. रोज ओतायला विसरू नका, मी विसरते.

चपलांबद्दल आमच्याकडे मोठा वाद झाला. टेबलावर गणपती ठेवायचा असेल तर त्याच टेबलाखाली चपला नको असं सासूबाईंचं म्हणणं, आणि मला ते पटलं. आमचा गणपती आता दाराच्या चौकटीवर आतून आहे आणि चपलांचा रॅक समोरच्या भिंतीला. बाहेर लॉबीत चपला ठेवणाऱ्यांनी एकदा विचार करा, तो जिन्याकडे पळायचा रस्ता असतो.

एवढं झालं की मग सजावट. आणि इथे कमीच करायचंय, कारण निम्मी जागा तबकाने आणि रोजच्या वस्तूंनी घेतलेली असते.

पहिला आरसा. घरातून निघताना तोंड बघायला आणि पॅसेजमध्ये उजेड खेळवायला, दोन्हीला लागतो. टेबलाच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त, दोन-तृतीयांशापर्यंत रुंदी बरी दिसते. आमचं टेबल ३२ इंच उंच, त्यावर ८ इंच सोडून आरशाची खालची कड आली ४० वर, आरसा ३ फूट उंच, म्हणजे वरची कड ७६ वर आणि मध्य ५८ इंचांवर. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला समोर उभं करा, दोघांचं तोंड दिसलं पाहिजे. वजनाकडे लोक लक्ष देत नाहीत. २ बाय ३ फुटांची ५ एमएमची नुसती काच ७ किलोच्या आसपास भरते, वर फ्रेम वेगळी. नवीन बिल्डिंगमधल्या भिंती बऱ्याचदा लाइटवेट ब्लॉकच्या असतात, त्यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी सैल होते, त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग वेगळे मिळतात ते मागा. आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर किंवा खाली ड्रिल मारू नका, आत वायरचा पाइप असतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये एकदा असंच मारलं आणि त्यांची संध्याकाळ अंधारात गेली.

वास्तुवाले म्हणतात दारासमोर आरसा नको. मी वास्तू फार मानत नाही पण इथे त्यांच्याच बाजूची आहे, दिवसभराच्या लोकलने आल्यावर दार उघडताक्षणी स्वतःचा अवतार कोणाला बघायचाय? बाजूच्या भिंतीवर लावा, खिडकीचा उजेड तिथून आत फिरतो.

मग दिवा. छतावरचा पांढरा फक्क ट्यूबलाइट पॅसेजला दवाखान्याची कळा आणतो. टेबलावर एका कडेला लॅम्प, ५ वॉटचा एलईडी भरपूर होतो, फक्त खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं बघून घ्या, तो पिवळसर उबदार उजेड. पॅसेजमध्ये प्लग पॉइंट नसतो ही बिल्डर लोकांची कृपा. अशा वेळी जमिनीवरून वायर ओढू नका, कुणीतरी अडखळणारच, त्यापेक्षा चार्जिंगचा लॅम्प घ्या.

मांडणीचं म्हणाल तर माझी पद्धत अशी: एका टोकाला सगळ्यात उंच वस्तू (आमचा लॅम्प, २२ इंच), दुसऱ्या टोकाला मध्यम उंचीची, तबक तिच्या जवळ, आणि मधली जागा चक्क रिकामी. ती रिकामी जागा कुरियरसाठी आहे, आईच्या डब्यासाठी आहे, पर्स टेकवायला आहे. दोन्ही बाजूंना सारखंच ठेवलं की दुकानाचं काउंटर वाटतं. मांडून झालं की मोबाईलने फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग गेले की कुठे गर्दी झालीय, कुठलं भांडं उगाच डोळ्यात येतंय ते चटकन दिसतं. मी या एका युक्तीने तीन वस्तू कमी केल्या, त्यात हंसही गेले.

मध्यम उंचीची वस्तू म्हणून विकतचे शोपीस घेण्याआधी आईच्या-आजीच्या माळ्यावर चढा. तांब्या, गडू, लामणदिवा, जुना अडकित्ता, सुपारीचा डबा. माळ्यावर काही नसेल आणि पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळीत चक्कर मारा, तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोकून जे बारीक खळगे पाडतात त्याला मठारकाम म्हणतात, लॅम्पचा उजेड तिरका पडला की त्यातला प्रत्येक खळगा वेगळा चमकतो. असं एक भांडं असलं की दुसरं काही लागत नाही.

पितळ-तांबं काळवंडतं, विशेषतः पावसाळ्यात. चिंच आणि मीठ, नाहीतर पितांबरी. चिंचेतल्या आंबटाने वरचा काळा थर विरघळतो, पण चोळून झालं की लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा, ओलं राहिलं तर हिरवे डाग येतात. भांड्यावर लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) मारलेला असेल तर चिंच लावू नका, तो पट्ट्यापट्ट्यांनी निघतो आणि मग ना धड जुनं ना धड नवं.

झाडांबाबत एवढंच की पॅसेजमध्ये ऊन नसतं. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट तग धरतात, मनीप्लांटही. मी दोन कुंड्या ठेवल्यात, एक आत, एक बाल्कनीत, पंधरा दिवसांनी अदलाबदल. मनीप्लांट बाटलीत असेल तर पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. खोटी फुलं नकोत, प्लीज. धूळ बसते आणि ती कुणीच धूत नाही. त्यापेक्षा शनिवारी मंडईतून निशिगंधाच्या चार काड्या आणून तांब्यात ठेवा, रात्री दार उघडलं की वास येतो, बुधवारी टाकून द्या, आणि पुढच्या शनिवारपर्यंत तांब्या नुसता राहू द्या, तोही छान दिसतो.

सणावाराला टेबल बदलायचं तर वस्तू वाढवायच्या नाहीत, बदलायच्या. गणपतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची रांग असते, तेव्हा लॅम्प आत जातो आणि त्या जागी प्रसादाचा डबा येतो. दिवाळीत मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचं घंगाळ, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि तरंगते दिवे, पण मग वरचा आरसा आणि खणाचा रनर ज्योतीपासून लांब आहेत ना ते बघा, रनर तेवढे दिवस काढूनच ठेवलेला बरा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या दिवसांत किल्ल्यांचं तबक स्वतःच्या मूळ कामाला लागतं, त्यात करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि तिळगुळाची वाटी. तेवढे दिवस किल्ल्या ड्रॉवरमध्ये, आणि घरातला प्रत्येक जण रोज एकदा ओरडतो, "माझी किल्ली कुठेय?"