खंबाटकी कोणत्या गिअरमध्ये चढायची? इंजिन आणि गिअरचं गणित

गाडी घेताना सगळे आधी सीसी, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांचं आकारमान, विचारतात. सीसी जास्त असले की पिस्टन हवा ओढतो तेव्हा दर वेळी जास्त हवा आत येते, जास्त पेट्रोल जळतं आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो, हे खरंच. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं १२०० सीसीचं इंजिन साधारण ११० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. टर्बो असेल तर १००० सीसीचं इंजिनही त्याच्या पुढे जातं. पण त्यातला किती टॉर्क चाकावर येणार आणि चाक किती वेगाने फिरणार, हे गिअरच्या हातात असतं.

आपल्या गाडीचा हिशोब मांडायला गिअर रेशो (गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात), फायनल ड्राइव्ह रेशो (गिअरबॉक्स आणि चाकांमधल्या शेवटच्या, न बदलणाऱ्या गिअरचा रेशो) आणि टायरचा साइज एवढंच लागतं. रेशो तांत्रिक माहितीत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतात. १८५/६५ आर १५ टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापतो. आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे.

वेग (किमी/तास) = आरपीएम × १.९ × ०.०६ ÷ (गिअर रेशो × फायनल ड्राइव्ह)

समजा फायनल ड्राइव्ह ४.३, तिसरा गिअर १.३ आणि पाचवा ०.७५ आहे. मग ३००० आरपीएमला पाचव्यात १०६ चा वेग येतो, तिसऱ्यात ६१ चा.

आता साताऱ्याला जाताना खंबाटकी लागली. माणसं-सामान धरून वजन १२०० किलो आणि चढ ८ टक्के धरा. गाडीला मागे ओढणारं बल ९४० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे नुसत्या चढासाठी चाकावर २८० न्यूटन-मीटर हवेत. टायरच्या रोलिंगसाठी आणखी ४०. पाचव्यात चाकावर ११० × ०.७५ × ४.३ म्हणजे ३५५ येतात, त्यातले दहा टक्के गिअरबॉक्समध्ये गेले की उरले ३२०. हवेचा विरोध कापायला काहीच शिल्लक नाही. शिवाय ६० च्या वेगाला पाचव्यात इंजिन जेमतेम १७०० वर असतं, तिथे पूर्ण ११० मिळतही नाहीत. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी मंदावते आणि इंजिन ठोकायला लागतं. तिसऱ्यात मात्र चाकावर ५५० येतात. म्हणून वेग पडायच्या आधी, घाटाच्या पायथ्यालाच तिसरा टाका. ३००० आरपीएमचा आवाज ऐकून घाबरू नका. इंजिनाला त्रास होतो तो १५०० वर रेटल्याने.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद इथे मुंबईपेक्षा पाचेक टक्के कमी भरते.

टॉप स्पीड हवेच्या विरोधावर अडतो. ८० वरून १२० ला जाताना नुसती हवा कापायला जवळजवळ ३.४ पट ताकद लागते. त्यामुळे बऱ्याच गाड्यांचा टॉप स्पीड चौथ्यात येतो. पाचवा मायलेजसाठी असतो.

१९५/६५ आर १५ टायर बसवले तर घेर दोन टक्क्यांनी वाढतो. पिकअप थोडा मरतो आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवतो.

हाच हिशोब क्लचसाठीही वापरा. पाचव्यात, सपाट रस्त्यावर जीपीएसचा वेग ८० असताना वरच्या रेशोंना २२६५ च्या आसपास आरपीएम यायला हवेत. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतात आणि वेग तिथेच राहतो, तर क्लच प्लेट घसरतेय. आकडे सोबतच्या माणसाला वाचायला सांगा.

उतरताना, विशेषतः नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येताना, न्यूट्रल कधीच करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध चाकापर्यंत पोचत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. तिसरा किंवा चौथा ठेवा.