कोल्हापुरात घरखर्च कमी करायचाय? मग हे करून बघा

पैसे वाचवायचे म्हटलं की लोकं पहिल्यांदा रविवारचं मटण बंद करतात. ते अजिबात करू नका, दोन आठवड्यांत सगळे वैतागतात आणि मग हॉटेलात जाऊन डबल खर्च होतो. त्यापेक्षा मटण अर्धा किलोच आणा आणि अळणी पाणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) जरा जास्त काढा, त्याच्यातच तांबडा रस्सा पण होतो आणि पांढरा पण, घरातली सगळी पोटभर जेवतात.

खरा पैसा वाचतो तो वर्षाच्या बेगमीत. चटणीचंच, म्हणजे रोजच्या तिखट मसाल्याचंच घ्या, दर महिन्याला पाकीट आणणं लई महाग पडतं. उन्हाळ्यात मिरचीची आवक असते तेव्हा शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून लक्ष्मीपुरीच्या बाजारात जायचं, जास्त माल एकदम घेतला की दर पाडून मागता येतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. गच्चीवर कडक ऊन द्या, देठं घरीच काढा, खोबरं-तीळ-मसाला घरीच भाजा, म्हणजे डंकावर फक्त कुटायचे पैसे द्यायचे. बरणी एकदम कोरडी पाहिजे, चटणी दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि फडक्यानं तोंड बांधायचं. ओला चमचा घातला की वर्षाची मेहनत गेलीच समजा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

लाईट बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो, म्हणून महिन्याच्या मधे एकदा मीटर बघायची सवय लावा. जुना फॅन साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा फॅन, ३० च्या आसपास, म्हणजे रोज १५ तास चालला तर एका फॅनमागं महिन्याला २० युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो जास्त चालतो तो आधी बदला. आणि बिल आल्यावर लगेच भरलं तर थोडी सूट पण मिळते.

गावाला जायचं तर एसटी. बायकांना अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्यांना फुकट, फक्त निपाणी-बेळगावला जाताना ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते.

आणि वाचलेले पैसे खात्यात तसेच ठेवू नका, यूपीआयनं कधी उडतात कळत पण नाही. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं बचत खातं) कापून जाईल अशी तारीख लावून घ्या, पोस्टात महिना १०० रुपयांपासून खातं निघतं.