चित्रे आणि गोष्ट यांच्या आधारे पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी कसे शिकवावे

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीत इंग्रजी शिकवले जाते. पहिलीत येणाऱ्या मुलाला अजून मराठीची अक्षरेही ओळखायची असतात, आणि खेड्यापाड्यातील बहुतेक मुलांच्या कानावर घरी किंवा गल्लीत इंग्रजी वाक्य क्वचितच पडते. अशा मुलापुढे मुळाक्षरांचा तक्ता टांगून घोकंपट्टी करून घेतली, तर अक्षरांची नावे पाठ होतात. भाषा मात्र कानात बसत नाही. त्यासाठी अर्थ समजलेली वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकायला मिळावी लागतात, आणि तीच वाक्ये पुन्हा ऐकण्याचा मुलांना कंटाळा येऊ नये, असे काही कारणही असावे लागते. एकदा ऐकलेली गोष्ट परत सांगा म्हणून मुले स्वतःच हट्ट धरतात, म्हणून या वयात गोष्टीइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

गोष्ट निवडताना बहुतेक शिक्षक नवीन, मुलांनी न ऐकलेली गोष्ट शोधतात. माझे मत याच्या उलट आहे. पहिली इंग्रजी गोष्ट मुलांना मराठीत तोंडपाठ असलेलीच असावी. कथानक ठाऊक असले की पुढे काय होणार याची उकल करण्यात मुलाचे लक्ष खर्च होत नाही आणि ते सगळे नव्या ध्वनींकडे देता येते. त्यातही ज्या गोष्टीत एकच प्रसंग दोन-तीनदा घडतो आणि एकच वाक्य प्रत्येक वेळी परत येते, अशी गोष्ट उत्तम. आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट या कसोटीला पूर्ण उतरते. लेकीकडे निघालेली रोडकी म्हातारी, वाटेत अडवणारे प्राणी, प्रत्येकाला तिने दिलेले तेच उत्तर आणि परतीच्या वाटेवर घरंगळणारा भोपळा, एवढेच तिचे कथानक आहे. पुढील सर्व कृती याच गोष्टीच्या आधारे सांगितली आहे.

चित्रे तयार करणे

गोष्टीचे आठ प्रसंग करावेत: झोपडीपुढे बसलेली म्हातारी, काठी टेकत रानात शिरलेली म्हातारी, समोर आलेला कोल्हा, समोर आलेला वाघ, लेकीच्या घरी जेवण, लठ्ठ झालेली म्हातारी, रानातून घरंगळणारा भोपळा आणि पुन्हा आपल्या घरी पोहोचलेली म्हातारी. या गोष्टीचा शेवट घराघरांत वेगळा सांगतात. आपल्या गावात जो प्रचलित असेल तोच घ्यावा. प्रत्येक प्रसंगाला एक पूर्ण कागद द्यावा. कार्डशीट मिळाली नाही तर मोठ्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या पानांची कोरी पाठ चालते.

चित्रकला येत नाही म्हणून शिक्षकांनी मागे सरण्याचे कारण नाही. वाकलेली पाठ, डोक्यावर अंबाडा आणि हातात काठी एवढ्या रेषांत म्हातारी उभी राहते. चित्र सुंदर असण्यापेक्षा ते निःसंदिग्ध असणे महत्त्वाचे आहे. म्हातारीच्या लुगड्याचा रंग आठही चित्रांत एकच ठेवावा, नाहीतर लठ्ठ झालेली म्हातारी ही वेगळीच बाई आहे असे लहान मुलांना वाटते. एका चित्रात एकच क्रिया असावी. रान दाखवायचे म्हणून पाखरे, फुले, डोंगर आणि सूर्य यांची गर्दी केली, तर 'टायगर' हा शब्द ऐकताना मूल पाखराकडे पाहत राहते. शेवटच्या ओळीत बसलेल्या मुलाला दिसेल इतके चित्र मोठे हवे. चित्राच्या दर्शनी बाजूवर कोणतीही अक्षरे लिहू नयेत. मागील बाजूस मात्र त्या प्रसंगी बोलायची वाक्ये शिक्षकांनी स्वतःसाठी लिहून ठेवावीत, म्हणजे गोष्ट सांगताना वही शोधावी लागत नाही.

चित्रांतील जग मुलांच्या ओळखीचे असावे. बर्फाचा बाहुला किंवा धुराड्याचे घर दाखवले, तर आधी ती वस्तू समजावून सांगावी लागते आणि मग तिचे नाव. म्हणजे एका शब्दासाठी दोन धडे होतात. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी किंवा गडचिरोलीत माडिया बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्यासाठी मराठीही शाळेतच भेटलेली भाषा असते. त्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतून सांगणे म्हणजे अर्धवट ओळखीच्या वाटेने अनोळखी ठिकाणी नेणे होय. तिथल्या झोपडीचे आणि तिथल्या रानाचे चित्र मात्र त्याच्याशी थेट बोलते. अशा भागात तिथल्याच आजीबाईंकडून त्यांच्या बोलीतील एखादी गोष्ट ऐकून तिचीच चित्रे करावीत, हे सर्वांत चांगले.

वाक्ये ठरवणे

ही गोष्ट मराठीत सांगायला दहा मिनिटे लागत असली, तरी तिचे इंग्रजी रूप दहा-बारा छोट्या वाक्यांचे असावे. पहिल्या चित्राला 'धिस इज ॲन ओल्ड वुमन. शी इज थिन.' दुसऱ्याला 'शी इज गोइंग टू हर डॉटर.' तिसऱ्याला 'लुक, अ फॉक्स! आय विल ईट यू, सेज द फॉक्स.' आणि मग म्हातारीचे पालुपद: 'वेट, फॉक्स, वेट! आय ॲम थिन. आय विल कम बॅक फॅट.' चौथ्या चित्रात केवळ कोल्ह्याच्या जागी वाघ येतो. बाकीचे वाक्य जसेच्या तसे राहते. भोपळ्याच्या चित्राला 'रोल, पम्पकिन, रोल!' एवढे पुरते. शिक्षकांनी सांगताना ही वाक्ये रोज बदलू नयेत. सोमवारी 'वेट' आणि मंगळवारी 'स्टॉप' म्हटले, तर अर्थ तोच राहिला तरी मुलांच्या कानात तयार होत असलेली घडी मोडते.

वाक्ये मोजकी असल्याचा शिक्षकांनाही लाभ आहे. स्वतःच्या इंग्रजीविषयी मनात धाकधूक असणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना एवढीच वाक्ये घरी मोठ्याने म्हणून नीट बसवता येतात. 'वेट' आणि 'वुमन' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकत नाहीत, असे दोन-चार बारकावे आधीच सांभाळावेत, कारण मुले शिक्षकांच्या तोंडाकडे पाहूनच उच्चार उचलतात.

गोष्ट सांगणे

पहिल्या दिवशी चित्रे दाखवत गोष्ट मराठीतच सांगावी आणि त्यात केवळ कोल्हा, वाघ व भोपळा ही नावे इंग्रजीत पेरावीत. दुसऱ्या दिवसापासून तीच चित्रे, त्याच क्रमाने, ठरवलेल्या इंग्रजी वाक्यांसह यावीत. येथे एक सवय कटाक्षाने टाळली पाहिजे: इंग्रजी वाक्य बोलून लगेच त्याचे मराठी करून सांगणे. 'टायगर म्हणजे वाघ' असे वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेणे आपल्या शाळांत इतके रूढ आहे की त्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. परंतु पाठोपाठ मराठी येणारच हे कळल्यावर मूल इंग्रजी वाक्याकडे कान देणे सोडून मराठीची वाट पाहू लागते. अर्थ सांगण्याचे काम चित्राकडे, आवाजाकडे आणि हातवाऱ्यांकडे सोपवावे. 'थिन' म्हणताना दोन्ही तळहात जवळ आणावेत, 'फॅट' म्हणताना लांब न्यावेत. वाघाचा आवाज भरदार आणि म्हातारीचा कापरा असावा. या दोन शब्दांसाठी पहिले आणि सहावे चित्र शेजारी शेजारी धरावे, कारण एकट्या चित्रावरून 'थिन' म्हणजे बारीक, म्हातारी की काठी, हे मुलाला ठरवता येत नाही. त्याच कारणाने 'पम्पकिन' शिकवताना फळ्यावर लहान, मोठा, लांबट असे तीन-चार भोपळे काढून दाखवावेत.

मुलांनी मात्र मराठीत बोलण्यास अजिबात हरकत नाही. चित्र पाहून एखादा मुलगा "आता वाघ येणार!" असे ओरडला, तर तो गोष्टीत गुंतला आहे याचीच ती खूण आहे. 'येस, द टायगर इज कमिंग!' असे त्याचेच वाक्य इंग्रजीत परत द्यावे आणि पुढे जावे.

चित्र धरण्याची पद्धत आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कला जपली आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी, आणि कथेकरी त्यातील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. वर्गातही एका वेळी एकच चित्र समोर असावे. ते छातीच्या उंचीवर धरावे, म्हणजे शिक्षकांचा चेहरा झाकला जात नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवावे. आणि पुढचे चित्र काढण्यापूर्वी क्षणभर थांबून 'हू इज कमिंग?' असे विचारावे. गोष्टीतील उत्सुकता या थांबण्यात असते, म्हणून तास संपत आला तरी येथे घाई करू नये. वेळ नसेल तर चार चित्रांवर थांबून उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगावी.

ऐकण्याकडून बोलण्याकडे

पहिले तीन-चार दिवस मुलांकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. समजल्याचे त्यांनी कृतीने दाखवावे. आठही चित्रे भिंतीला टेकवून ठेवावीत आणि 'शो मी द फॉक्स' म्हटल्यावर एकाने जाऊन बोट ठेवावे. 'रोल, पम्पकिन, रोल' म्हटले की सर्वांनी हात गोल फिरवावेत. त्यानंतर शिक्षकांनी मुद्दाम चुकीचे बोलावे: वाघाचे चित्र दाखवून 'धिस इज अ फॉक्स' म्हणावे. मुले हिरिरीने 'नो!' म्हणतात आणि चूक सुधारण्याच्या ओघात 'टायगर' हा शब्द न मागता त्यांच्या तोंडून येतो. चित्रे पालथी ठेवून एक लपवणे आणि कोणते नाहीसे झाले ते ओळखायला लावणे, हा खेळही याच कामाचा आहे. गप्प राहणाऱ्या मुलाला उभे करून बोलायला लावू नये. बोट दाखवून ते अचूक उत्तर देत असेल, तर त्याचे शिकणे चाललेलेच आहे.

बोलण्याची सुरुवात पालुपदापासून करावी. अर्धा वर्ग वाघ आणि अर्धा वर्ग म्हातारी, मग जागांची अदलाबदल, मग तीन-तीनचे गट, आणि शेवटी काडीवर चिकटवलेल्या कागदी बाहुल्या हातात घेऊन जोड्या. बाहुली हातात असली की लाजाळू मूलही बोलते, कारण तेव्हा बोलणारे ते मूल नसून म्हातारी असते. मुलाने 'टायगर कम' म्हटले तर "असे नाही" म्हणून अडवू नये; 'येस, द टायगर इज कमिंग' असे पूर्ण वाक्य हसतमुखाने म्हणून दाखवावे. भोपळा मराठीत पुल्लिंगी असल्याने एखादे मूल त्याला इंग्रजीतील 'ही' (he) म्हणेल. तेथेही नियम न सांगता 'इट इज रोलिंग' असे म्हणून दाखवणे पुरेसे आहे.

शब्दक्रमासाठी चित्रांचाच उपयोग होतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये येते. म्हातारी, चालणारे पाय आणि घर अशी तीन छोटी चित्रे करून मुलांनी ती 'द ओल्ड वुमन / गोज टू / द हाउस' या क्रमाने मांडावीत, मग म्हातारीच्या जागी वाघ किंवा लेक ठेवून पुन्हा म्हणावे. कर्ता, कर्म, क्रियापद या संज्ञा त्या वयात काढण्याची गरज नाही.

अक्षरे सर्वांत शेवटी. कानाला आणि जिभेला ओळखीचे झालेले शब्द पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून मुलांनी चित्रांशी जोडावेत. दुसरीच्या मुलांनी स्वतःचे चित्र काढून त्याखाली एक शब्द किंवा छोटे वाक्य उतरवावे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसत असतील तर हीच गोष्ट सर्वांना एकत्र सांगावी आणि नंतरचे काम वाटून द्यावे. मूल्यमापनासाठी स्वतंत्र परीक्षा नको. खेळ चालू असताना कोणते मूल बोट दाखवते, कोण शब्द बोलते आणि कोण वाक्य बोलते, एवढी नोंद ठेवावी.

पुढची गोष्ट

एका गोष्टीला साधारण दोन आठवडे द्यावेत. नंतरची गोष्ट निवडताना आधीचे निम्मे शब्द तिच्यात परत येतील असे पाहावे. कोल्हा आणि वाघ शिकून झाले असतील, तर त्यांचीच दुसरी एखादी गोष्ट घ्यावी. तयार साहित्य हवे असल्यास 'प्रथम बुक्स' या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. त्या चार वाचनपातळ्यांत विभागलेल्या आहेत, त्यांतील अनेक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत, आणि खुल्या परवान्यामुळे त्यांच्या छापील प्रती काढून वर्गात वापरता येतात. सुरुवातीला पहिल्या पातळीतीलच गोष्ट घ्यावी, आणि तिच्यातही एखादे लांब वाक्य आढळले तर ते छोटे करूनच सांगावे. पहिल्या गोष्टीची आठ चित्रे मात्र वर्गातच, मुलांचा हात पोहोचेल अशा दोरीवर लावून ठेवावीत, कारण मधल्या सुटीत मुले तीच चित्रे काढून एकमेकांना गोष्ट सांगू लागतात.