मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाताने कसे पाडावेत

संख्येला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती विपुल (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त) की न्यून (बेरीज कमी), हे सगळं मूळ अवयवांवर अडतं. अवयव हातात आले की पुढचा हिशेब किरकोळ. उदाहरणाला २७,०६,८४० घेऊ.

१. आधी २, ३ आणि ५ काढून टाका. २³ × ३² × ५ बाहेर पडतात, उरतात ७,५१९.

२. आता खरी कसोटी. ७, ११, १३ ने भाग जात नाही, आणि इथेच लोक ‘मूळ संख्याच दिसतेय’ म्हणून थांबतात. थांबू नका. ‘६ ने भागून बाकी १ किंवा ५ आली की संख्या मूळ’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतील. ७,५१९ ची बाकी १ येते. २५ चीही येते! ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या या नियमात बसते, पण नियमात बसणारी प्रत्येक संख्या मूळ नसते.

भागत जायचं कुठवर? वर्गमूळापर्यंत. पण कोणाच्या? दिलेल्या संख्येचं वर्गमूळ १,६४५ च्या आसपास. तिथवर जाणं म्हणजे निव्वळ हमाली. उरलेल्या ७,५१९ चं वर्गमूळ ८७ च्या आत आहे, तेव्हा ८३ ही शेवटची मूळ संख्या. अवयव सापडला की उरलेल्या भागाचं वर्गमूळ पुन्हा काढा. हे न सांगणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा राग आहे.

तरीही ओळीने भागत गेलात तर अठराव्या भागाकाराला उत्तर मिळेल. त्याआधी सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याची युक्ती वापरून पाहा. वर्गमूळाच्या वरची पहिली पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून ७,५१९ वजा करा, बाकी पूर्ण वर्ग आहे का बघा.

८७² − ७,५१९ = ५०. नाही.
८८² − ७,५१९ = २२५ = १५². झालं!

म्हणून ७,५१९ = (८८ − १५)(८८ + १५) = ७३ × १०३. वजाबाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ आले तर वर्गमूळ काढायच्या भानगडीत पडू नका, तो पूर्ण वर्ग असूच शकत नाही. फर्माने १६४३ मध्ये २,०२,७६,५१,२८१ चे ४४,०२१ आणि ४६,०६१ हे अवयव याच रीतीने पाडले. मात्र अवयव एकमेकांपासून फार लांब असतील तर ही रीत रडवते. म्हणून आठ-दहा प्रयत्नांत जमलं नाही तर मुकाट्याने भागाकाराकडे वळा.

३. विभाजकांची संख्या: घातांकांत १ मिळवून गुणा. ४ × ३ × २ × २ × २ = ९६.

४. विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवाचे १ पासूनचे घात मिळवा (२³ साठी १ + २ + ४ + ८ = १५, ७३ साठी १ + ७३ = ७४) आणि या बेरजा गुणा. १५ × १३ × ६ × ७४ × १०४ = ९०,०४,३२०. यातून संख्या स्वतः वजा करायची, हे विसरलात तर प्रत्येक संख्या विपुल ठरेल. उरतात ६२,९७,४८०, म्हणजे आपली संख्या विपुल.